ब्रशकटर रेस दिली की बसतो: टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नेमकं कुठं अडतंय?

संत्राबाग_कळमेश्वर
राम राम मंडळी. कळमेश्वरकडं आमची संत्र्याची बाग आहे. पाऊस लागल्यापासून झाडाखालचं तण काही आवरून नाही राह्यलं, अन् नेमका आताच ब्रशकटर दगा देऊन राह्यला. मशीन ४३ सीसीची, टू-स्ट्रोक, खांद्याला अडकवायची. आतापर्यंत चांगली चालली.

होतं असं, की पेट्रोल भरायचा रबरी फुगा दाबला, चोक लावला, दोरी ओढली की चालू होते. स्लोवर बरी चालते. पूर्ण रेस दिली की घुसमटून बसते. अर्ध्या रेसवर ठेवली तं थोडा वेळ गवत कापते, मग हळूहळू दम सोडते. बाजूला ठेवून चहा घेऊन आलो की पुन्हा पहिल्यासारखी. प्लग नवीन टाकला, एअर फिल्टर धुऊन वाळवून लावला, फरक शून्य. एका दुकानात दाखवली तं त्यांनं न उघडताच सांगितलं, कार्बोरेटर गेला, नवीन टाका. टाकायला हरकत नाही, पण बिघाड कार्बोरेटरमध्येच आहे हे आधी कसं ओळखायचं? कोणी रीतसर सांगा.

लेथवाला_हिंगणा
भाऊ, कार्बोरेटर विकत घ्यायची घाई करू नका, आणि त्याच्या स्क्रूंना तर अजिबात हात लावू नका. एकदा स्क्रू फिरले की मूळ खोट कोणती आणि नंतर आपण घातलेली कोणती, हे वेगळं काढता येत नाही. पेट्रोल टाकीपासून निघतं आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, पोचतं. त्या वाटेनं एक एक टप्पा बघत जायचं.

पहिला टप्पा टाकीचं झाकण. टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक छोटी रबरी झडप असते. ती हवा आत घेते, पण पेट्रोल बाहेर सांडू देत नाही. धूळ आणि गवताचा चोथा तेलात भिजून तिथे बसला की झडप चिकटते. टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. मशीन बंद ठेवली की हवा हळूहळू कुठून तरी आत शिरते आणि मशीन परत चालते. तुमच्या चहाचं रहस्य हेच असण्याची शक्यता मोठी आहे.

आता एवढंच करा. मशीन दम सोडायला लागली की झाकण अर्धा आटा सैल करा आणि फुस्स आवाज येतो का ते ऐका. मशीन सरळ उभी धरा, जवळ कोणी बिडी ओढत नाही ना बघा, पेट्रोल सायलेन्सरवर सांडू देऊ नका.

जुनी_लुना_महाल
लेथवाले साहेबांशी सहमत. ही खोड फक्त ब्रशकटरची नाही. लुना, चेतक, आरएक्स १००, सगळ्या टू-स्ट्रोक गाड्यांना टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं की हाच त्रास व्हायचा. गाडी दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद पडायची, झाकण उघडून लावलं की परत चालू. फक्त त्या गाड्यांत फ्लोटचा, म्हणजे तरंगत्या तुकड्याने पेट्रोलची पातळी राखणारा कार्बोरेटर आणि पेट्रोल वरून खाली आपोआप यायचं. तुमच्या मशीनमध्ये तसं नाही, तो भाग लेथवाल्यांनीच समजवावा.

संत्राबाग_कळमेश्वर
लेथवाले दादा, करून पाह्यलं. झाकण सैल करताच फुस्स झालं अन् मशीन उचलली! आता मधेच दम सोडत नाही. झाकणातली झडप काढली तं तिच्यावर काळा चिकट थर होता, तो साफ केला. पण पूर्ण रेसवर अजूनही बसते. म्हणजे दुखणं अर्धंच गेलं.

लेथवाला_हिंगणा
म्हणजे दोन खोटी एकत्र आहेत. असं फार वेळा होतं. एक सापडली की माणूस तिथेच थांबतो, दुसरी राहून जाते, आणि मग दोष नव्या कार्बोरेटरवर जातो.

आता कार्बोरेटर समजून घ्या, म्हणजे पुढचं तुम्हाला स्वतःलाच सुचेल. याला फ्लोट नसतो. म्हणूनच मशीन आडवी, तिरपी, कशीही धरली तरी चालते. पेट्रोल ओढणारा पंप कार्बोरेटरच्या आतच आहे आणि तो चालतो इंजिनच्या श्वासावर. पिस्टन वर जातो तेव्हा क्रँककेसमधला दाब कमी होतो, खाली येतो तेव्हा वाढतो. हा दाब एका बारीक छिद्रातून कार्बोरेटरच्या एका बाजूच्या पातळ डायफ्रामवर, म्हणजे लवचिक पडद्यावर, पोचतो आणि तो मागेपुढे हलतो. त्याच डायफ्रामला दोन जिभा कापलेल्या असतात, त्या झडपांचं काम करतात. एक पेट्रोल आत घेते, दुसरी पुढे ढकलते.

पुढे पेट्रोल एका बारीक जाळीतून गाळून सुईपाशी येतं. दुसऱ्या बाजूला मीटरिंग डायफ्राम असतो. इंजिनने ओढ घेतली की तो आत खेचला जातो, त्याच्या मधलं बटण लिव्हरवर दाबतं, लिव्हर सुई उचलते आणि पेट्रोल येतं. या डायफ्रामच्या बाहेरच्या झाकणाला एक छिद्र असतं, बाहेरची हवा लागावी म्हणून. ते चिखलाने बुजलं की डायफ्राम मोकळा हलत नाही.

आता तुमचं लक्षण बघा. स्लोवर पेट्रोल थोडंसंच लागतं, ते कसंबसं पोचतंय. पूर्ण रेसला भरपूर लागतं, ते पोचत नाही. म्हणजे वाट पूर्ण बंद नाही, अरुंद झाली आहे. टाकीतलं फिल्टर, नळी, आणि ती बारीक जाळी, याच क्रमानं बघा.

भाजीपाला_मौदा
मधेच विचारते, माफ करा. माझ्याकडे धुऱ्यावरचं गवत कापायला अशीच मशीन आहे. तिचं थोडं वेगळं आहे. फुगा दाबला की चालू होते, फुग्यातलं पेट्रोल संपेपर्यंत छान चालते, मग बंद. परत फुगा दाबला की परत चालू. पूर्ण रेसपर्यंत जायची वेळच येत नाही. कार्बोरेटर नुकताच साफ करून घेतला होता, त्यानंतरच हे सुरू झालं.

लेथवाला_हिंगणा
ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे बहुतेक. फुग्यानं भरलेल्या पेट्रोलवर चालते आणि मग बंद पडते, म्हणजे हाताने भरलेलं मिळतंय, पंपाचं मिळत नाही. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मध्ये एक जाड काळा ठोकळा असतो, उष्णता अडवायला. त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग असतं. पॅकिंगमध्ये मधलं मोठं भोक हवेचं, स्क्रूंची दोन, आणि त्याशिवाय एक अगदी बारीक भोक असतं. पंपाला दाब पोचवणारी वाट ती. साफ करताना पॅकिंग उलटं बसवलं, किंवा जुनं फाटलं म्हणून शीट कापून नवं केलं आणि ते बारीक भोक पाडायचं राहिलं, की पंप मेला. कार्बोरेटर कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही.

दोन स्क्रू काढून पॅकिंग हातात घ्या, भोक भोकासमोर येतंय का ते उजेडात बघा.

भाजीपाला_मौदा
दादा, अगदी तेच! कोणीतरी शीटमधून कापलेलं पॅकिंग होतं आणि त्याला बारीक भोकच नव्हतं. कॉटन मार्केटहून तयार पॅकिंग मागवून लावलं. एका ओढीत चालू झाली आणि अख्खा धुरा कापून झाला. मनापासून आभार. या पॅकिंगपायी मशीन विकायला निघाले होते.

आंबियाबहार
माझा एक साधा उपाय. आमच्याकडे मशीन तापून बसायची. मी लिटरला ४० मिलिऐवजी ६०-७० मिलि टूटी ऑइल (टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलात मिसळायचं तेल) टाकायला लागलो. तेल जास्त असेल तर इंजिनला आराम. कळमेश्वरच्या भाऊंनी करून पाहावं.

लेथवाला_हिंगणा
आंबियाबहार दादा, भावना बरोबर आहे, पण परिणाम उलटा होतो. कार्बोरेटरचं भोक तेवढंच आहे. त्यातून जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी झालं. हवा तेवढीच, पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण आणखी पातळ आणि जळण आणखी गरम. वर प्लग काळा होतो, सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन धरतो. मशीनवर जे प्रमाण छापलंय तेच ठेवा. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिलि, ५०:१ म्हणजे २० मिलि. मोजायला इंजेक्शनची सिरिंज घ्या, झाकणाच्या अंदाजावर जाऊ नका. पेट्रोल ओढायची अडचण तेलाने सुटत नाही. तुमची मशीन तापत होती तर ती कुठून तरी जास्तीची हवा ओढत नव्हती ना, हे एकदा तपासून घ्या.

रसायन_अमरावतीरोड
पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याचे या छोट्या इंजिनांवर तीन परिणाम होतात आणि तिन्ही या धाग्याशी जोडलेले आहेत.

पहिला, मिश्रणाचा. १ किलो साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे त्याच हवेला इथेनॉलवालं इंधन जास्त लागतं. गाडीतलं इंजेक्शन हे सेन्सरवरून समजून घेतं. ब्रशकटरच्या कार्बोरेटरला ते कळत नाही, तो जुन्या मापानेच देत राहतो. म्हणून जी मशीन आधीच काठावर होती ती आता पातळ मिश्रणावर घसरते.

दुसरा, रबराचा. जुन्या पद्धतीचं रबर आणि स्वस्त नळ्या इथेनॉलमध्ये आधी फुगतात, मऊ पडतात, आणि मशीन कोरडी पडून राहिली की कडक होऊन तडकतात. नळीच्या आतल्या बाजूचे बारीक कण सुटतात आणि थेट कार्बोरेटरच्या जाळीवर जाऊन बसतात. संत्राबाग भाऊंच्या मशीनमध्ये हेच असावं असं मला वाटतं.

तिसरा सगळ्यात घातक, पाण्याचा. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण एका मर्यादेपर्यंत. पावसाळ्यात अर्धी भरलेली कॅन उघडी-बंद होत राहिली, थोडं पाणी शिरलं, की एका टप्प्यावर इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तो तळाशी बसतो. तुमचं टूटी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आणि टाकीतलं फिल्टर कुठे असतं? तळाशी! म्हणजे इंजिनच्या तोंडी जातं पाणी आणि अल्कोहोल, तेलाचा थेंब नाही. मशीन चालू झाली नाही तर नशीब म्हणायचं. चालू झाली तर पिस्टनवर ओरखडे.

ज्याला खात्री करायची आहे त्याने तेल मिसळण्याआधीचं १०० मिलि पेट्रोल उंच काचेच्या मोजपात्रात घ्यावं, १० मिलि पाणी टाकावं, हलवून स्थिर ठेवावं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर १० वरून वाढतो. तो तीसच्या आसपास गेला तर इथेनॉल २० टक्क्यांच्या जवळ आहे. हे उघड्यावर करा, आणि ते पेट्रोल मशीनमध्ये परत टाकू नका.

जुनी_लुना_महाल
थर वेगळा होतो हे माहीत होतं, पण तेल वरच्या थरात राहून जातं हे आज कळलं. आमच्या ओळखीच्या एकाची मशीन दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी जाम झाली होती. कॅन पावसाळ्यातलीच होती. आता लक्षात येतंय काय झालं असेल ते.

संत्राबाग_कळमेश्वर
रविवारी सगळं उघडलं. तारेच्या आकड्यानं टाकीतलं फिल्टर बाहेर ओढलं, ते मळकं होतं, पण बंद नव्हतं. नळी मात्र बोटानं वाकवली तं वरून बारीक भेगा दिसल्या. कापून पाह्यली तं आतून भुगा निघून राह्यला. रसायन दादा, तुम्ही म्हटलं तसंच.

कार्बोरेटर काढला आहे. आता उघडू का? भीती हीच, की आतली लहान वस्तू हरवली तं मशीन कायमची बसंल.

लेथवाला_हिंगणा
उघडा भाऊ, बिनधास्त उघडा. फक्त खाली पांढरा कपडा अंथरा आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा.

आधी पंपाची बाजू उघडा. पॅकिंग आणि डायफ्राम कोणत्या क्रमानं आहेत याचा फोटो हवाच, कारण सगळ्या कार्बोरेटरमध्ये क्रम सारखा नसतो. डायफ्रामच्या जिभा सपाट बसल्या पाहिजेत. टोकं वर वळली असतील तर झडप पूर्ण मिटत नाही. या बाजूला खोलगट जागेत गोल बारीक जाळी दिसेल. ती उजेडात धरून बघा. टाचणीने कोचू नका, टोकाने हलकेच उचलून बाहेर काढा आणि ताज्या पेट्रोलमध्ये धुवा.

मग मीटरिंगची बाजू. इथे आधी पॅकिंग, त्यावर डायफ्राम, बटण लिव्हरकडे तोंड करून. डायफ्राम बोटाने हलवून बघा. नवा असतो तो मऊ, आवाज न करता लवतो. जुना पापडासारखा कुरकुरतो. कुरकुरला की टाकून द्या, धुवून तो मऊ होणार नाही. लिव्हरखाली छोटी स्प्रिंग असते. तुम्ही भीती म्हटली ती वस्तू हीच. लिव्हरचा स्क्रू सोडताना वर अंगठा ठेवा, नाहीतर ती उडते. सुईचं टोक भिंगाने बघा, त्यावर गोल चर पडली असेल तर सुई बदला. लिव्हरची उंची वाकवून बदलू नका. ती वर राहिली तर पेट्रोल जास्त येऊन मशीन ओव्हरफ्लो होते, खाली गेली तर उपाशी राहते.

कार्बोरेटर क्लीनर मारायचा असेल तर सगळे डायफ्राम आणि पॅकिंग काढून मगच मारा. चष्मा लावा, कारण एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्या भोकातून सरळ डोळ्यात येतो. आणि बारीक भोकांत तार घालू नका. भोक पाव केस मोठं झालं तरी माप गेलं.

दुरुस्तीची किट (नवे डायफ्राम, पॅकिंग वगैरेंचा संच) घेताना कार्बोरेटरवर कोरलेला नंबर दुकानात दाखवा. बाहेरून सारखे दिसणारे दोन कार्बोरेटर आतून वेगळे असतात.

संत्राबाग_कळमेश्वर
जाळी! दादा, जाळीवर काळा लेप होता. उजेडात धरली तं जेमतेम कडेनं प्रकाश येऊन राह्यला. त्याच नळीचा भुगा. मीटरिंगचा डायफ्रामही कुरकुरत होता. किट टाकली, नळ्या दोन्ही नव्या, फिल्टर नवं. उद्या चालवून सांगतो.

आंबियाबहार
दोन नळ्या कोणती कुठं, हे लिहा कोणीतरी. माझी एकदा अदलाबदल झाली होती अन् फुगा भरतच नव्हता.

लेथवाला_हिंगणा
ज्या नळीच्या टोकाला फिल्टर आहे ती कार्बोरेटरच्या पंपाच्या बाजूला. फुग्याच्या खालून निघणारी नळी टाकीत परत, तिला फिल्टर नसतं. फुगा पेट्रोल ढकलत नाही, तो कार्बोरेटरमधून ओढून टाकीत परत सोडतो, म्हणून उलट लावली की नुसती हवा. फुगा भरल्यावर ओढणाऱ्या नळीत सतत बुडबुडे दिसले तर नळी कुठेतरी हवा घेतेय, बहुतेक टाकीत शिरते तिथल्या रबरापाशी.

रसायन_अमरावतीरोड
उन्हाळ्याचं एक जोडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. मशीन उन्हात ठेवली की टाकीत वाफेचा दाब तयार होतो. झाकणाची झडप हवा फक्त आत घेते, दाब बाहेर सोडत नाही. तो दाब सुई ढकलून पेट्रोल इंजिनमध्ये घुसवतो. मग मशीन चालू होत नाही, प्लग ओला निघतो, आणि माणूस समजतो करंट गेला. चालू करण्याआधी झाकण सावकाश सैल करून दाब जाऊ द्या. प्लग काढून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. दोरी ओढूनही कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर अडचण दुसरीकडे.

संत्राबाग_कळमेश्वर
चालली! पूर्ण रेसवर सलग चालली, मधे एकदाही बसली नाही. सगळ्यांचे लय लय आभार. दुकानानं सांगितलेल्या नव्या कार्बोरेटरच्या मानानं किट अन् नळ्या कितीतरी स्वस्तात पडल्या.

एकच शंका. आता स्लोवर थोडी जास्त फिरते, रेस सोडली तरी पातं हळू फिरत राहतं. अन् पूर्ण रेसला आवाज थोडा फाटका येतो. स्क्रू फिरवू का?

लेथवाला_हिंगणा
आता फिरवायचा हक्क आहे तुम्हाला, कारण वाट मोकळी आहे. पण त्याआधी ठोकळ्याचे दोन्ही स्क्रू घट्ट आहेत ना बघा. तिथून हवा घेतली तरी स्लो वाढतो. स्लो स्थिर न राहता आपोआप चढत-उतरत असेल तर स्क्रूने झाकू नका. ती हवेची गळती असते, क्रँकच्या सीलमधूनही असू शकते, आणि अशा मशीनवर जोर दिला की पिस्टन जातो.

सगळं घट्ट असेल तर फक्त स्लोचा स्क्रू उलटा सोडत या. रेस सोडल्यावर पातं पूर्ण थांबलं पाहिजे. हे सुरक्षेचं आहे, यात तडजोड नको. मशीन गरम करून मगच सेट करा, आणि १५ मीटरच्या आत कोणी उभं नको, लेकरं तर नकोच.

पूर्ण रेसचा फाटका आवाज मोकळी मशीन फिरवताना येत असेल आणि गवताला लागताच साफ होत असेल, तर ते बरोबर आहे, तसाच राहू द्या. तेवढं जास्तीचं पेट्रोल इंजिनला थंड ठेवतं. गवतातही फाटका राहिला तर एच स्क्रू (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा; एल स्क्रू स्लोचं) एका फेऱ्याच्या आठव्या भागानं आत घ्या, त्याहून जास्त नाही. काही मशीनमध्ये एच-एल स्क्रूच नसतात, पक्का जेट, म्हणजे ठरलेल्या मापाचं भोक असतं. तिथे फक्त स्लोचाच स्क्रू मिळेल. आणि गवतात जोर कमी वाटला तर सायलेन्सरच्या तोंडाची जाळी कार्बनने बुजली नाही ना, तेही पाहा.

भाजीपाला_मौदा
हंगाम संपल्यावर टाकी रिकामी ठेवायची की भरलेली? दोन्ही सांगणारे भेटतात.

लेथवाला_हिंगणा
ताई, या मशीनची रिकामी. टाकी ओतून काढा, मशीन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग फुगा दाबून उरलेलं टाकीत आणा आणि तेही काढा. काढलेलं पेट्रोल साफ आणि ताजं असेल तर लगेच वापरून टाका. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच बनवा, आणि कॅनवर तारीख लिहा. पुढच्या हंगामात डायफ्राम कडक झाला असेल तर मशीन दोरी ओढून ओढून दमवते. तेव्हा एक किट आधीच आणून ठेवलेली बरी, पाऊस लागला की दुकानात सगळे एकदम येतात.